उकळलेल्या तारा

१

महिन्यातून दोनदा, रविवारी जेवणं उरकली की अजिनाथ गर्जे गिटारच्या तारा उकळायला बसायचा. राजेश्वरीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्यासाठी एक चेपलेलं पातेलं कायमचं त्याच्या नावावर करून टाकलं होतं, आणि ते पातेलं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत आलेलं तिला चालत नसे. मागच्या अंगणात एका बर्नरची शेगडी मांडून त्याचा हा उद्योग चालायचा. नागापूरच्या त्या गल्लीत उन्हाळ्यात शेजारच्या बायका कुरडयांचा चीक शिजवायच्या आणि हा बाबा तारा शिजवायचा. हौसेला मोल नाही म्हणतात, पण हौसेला वास असतो हे त्या गल्लीला माहीत होतं.

इलेक्ट्रिक गिटारला सहा तारा. त्यांतल्या तीन बारीक, नुसत्या. उरलेल्या तीन जाड, आणि त्या जाड तारांवर दुसऱ्या बारीक तारेचे वेढे गच्च गुंडाळलेले असतात. वाजवणाऱ्याच्या बोटांचा घाम, तेल आणि मेलेली कातडी त्या वेढ्यांत जाऊन बसते आणि तार मुकी होते. मोठ्या शहरातले वादक मुकी तार फेकतात म्हणे. आपल्याकडं तसली चैन नाही. तार उतरवायची, दहा मिनिटं उकळायची, फडक्यानं पुसून उन्हात वाळवायची आणि परत चढवायची. आठ-दहा दिवस नव्यासारखी बोलते. तुटलेली तारसुद्धा कुणी टाकत नाही. तिनं कूलरची जाळी बांधता येते, साबणाची वडी कापता येते. अजिनाथकडं असल्या उतरवलेल्या तारांचा एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा भरला होता.

त्या रविवारी पाणी नेहमीसारखं राखाडी झालं, वर नेहमीसारखी साय धरली. अजिनाथ चमच्यानं साय बाजूला करत होता, तेव्हा चमच्याला काहीतरी पातळ, टिकलीएवढं चिकटून आलं. कांद्याचं साल असेल म्हणून त्यानं ते बोटावर घेतलं. उन्हात धरलं. त्याच्यावर गोल गोल रेघा होत्या, एकात एक, आणि त्या रेघांना आडवी कापत गेलेली एक खोल खाच होती. गिटार वाजवणाऱ्याच्या बोटाच्या टोकाला पडते तशी खाच.

त्यानं डाव्या हाताची चारी बोटं तपासली. घट्टे जिथल्या तिथं होते, कुठं सोललेलं नव्हतं. मग त्यानं त्या सालाचा वास घेतला, आणि तो त्यानं घ्यायला नको होता. उकळून निघालेल्या कातडीला खोबरेल तेलाचा वास येत होता. अजिनाथच्या घरात खोबरेल कुणी वापरत नव्हतं. त्यानं पातेलं मोरीत उलटं केलं, साबणानं दोनदा हात धुतले, आणि मग कसला भरवसा म्हणून तिसऱ्यांदा धुतले.

२

ती गिटार मुळात कानिफनाथ मरकडांची. सगळे त्यांना नाना म्हणत. नागापूरच्याच एका प्रेसशॉपमध्ये दोघं कामाला होते, अजिनाथ पहिल्या पाळीला आणि नाना दुसऱ्या. आप्पासाहेबांच्या ऑर्केस्ट्रात बावीस वर्षं नानांनी गिटार वाजवली. नेवाशापासून श्रीगोंद्यापर्यंत नानांच्या गिटारीवर नाचला नाही असा नवरदेव सापडणं कठीण. अजिनाथला बोटं कशी ठेवायची हे त्यांनी शिकवलं, आणि तारा उकळायलाही त्यांनीच.

प्रेसच्या, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही तळहातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. हे झालं कागदावर. टार्गेट गाठायचं तर एक हात पत्रा सरकवायला मोकळा लागतो, म्हणून डाव्या बटणावर लाकडाचा तुकडा ठेवून ते बांधून टाकायचं आणि नुसत्या उजव्या बटणावर मशीन चालवायचं, ही तिथली रीत. कुणी सुतळीनं बांधतं, कुणी चिंधीनं. दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी अजिनाथनं जेवणाच्या डब्याच्या पिशवीत सापडलेल्या गिटारच्या जुन्या तारेनं बांधलं. चौथ्या नंबरची तार होती. तारेसारखं घट्ट दुसरं काही बसत नाही.

तीनचा भोंगा झाला आणि तार सोडायची राहून गेली.

सगळ्या शॉपमध्ये ही रीत न पाळणारा माणूस एकच, ते म्हणजे नाना. त्यांनी बटण कधी बांधलं नाही. म्हणूनच दुसऱ्या पाळीला त्याच मशीनवर ते निर्धास्त बसले. पत्रा तिरका होता, तो नीट करायला त्यांनी डावा हात आत घातला आणि उजवा तळहात सवयीनं बटणावर टेकवला. एका बटणानं काही होत नाही हे त्यांना वीस वर्षं ठाऊक होतं. अजिनाथ तेव्हा नळावर हात धूत होता. अंगठ्याशेजारची तीन बोटं गेली. कुणीतरी ती बर्फाच्या पिशवीत घालून दवाखान्यात नेली, पण ती जोडता आली नाहीत. पुढं त्या बोटांचं काय झालं हे कुणी विचारलं नाही.

नानांना उचलून नेताना सगळे दाराकडं पळाले, तेवढ्यात अजिनाथनं तार सोडून खिशात घातली. चौकशीत कामगाराची बेपर्वाई निघाली. नाना स्वतःच म्हणाले की माझंच ध्यान नसेल. अजिनाथनं घरी येऊन ती तार नळाखाली धुतली आणि तारांच्या डब्यात टाकली. का टाकली, का फेकली नाही, हे त्याला सांगता आलं नसतं. तार फेकायची नाही ही हाताला लागलेली सवय, दुसरं काय. महिन्याभरानं नानांनी स्वतःची गिटार त्याच्या हातात दिली, आप्पासाहेबांनी नानांची खुर्ची दिली. ह्यानं दोन्ही घेतलं. त्या दिवसापासून अजिनाथला जगात एकच गोष्ट हवी होती: ते बटण कुणी बांधलं होतं, हे नानांना कधीही कळू नये.

३

सालाच्या त्या प्रकारानंतर चार दिवसांनी नाना घरी आले. त्यात नवल काही नव्हतं, ते दोन गल्ल्या पलीकडंच राहायचे. ऑर्केस्ट्रात आता ते मिक्सरवर बसत, उजव्या हातानं आवाज कमी-जास्त करत. राजेश्वरीनं पोहे दिले. नानांनी उजव्या हातानं खाल्ले आणि डावा हात ताटाशेजारी ठेवला. अजिनाथ शक्यतो त्या हाताकडं बघत नसे. बोटांची तीन खुंटं होती, गुलाबी, ताणलेली, उकडून सोललेल्या बटाट्यासारखी, आणि कातडी तडकू नये म्हणून नाना त्यांना दिवसातून चारदा खोबरेल चोळायचे. ताटाच्या कडेला तेलाचा डाग पडला होता.

तो डाग बघून अजिनाथचा घास हातातच राहिला. मग त्याच्या मनानं हिशेब मांडला. गिटार नानांची, तेल नानांचं, साल नानांचं. जुनं कुठंतरी अडकलं असेल, उकळल्यावर निघालं. हिशेबात एवढीच चूक होती की नानांच्या तारा केव्हाच उतरल्या होत्या आणि त्यानंतर अजिनाथनं दोनदा नवा सेट लावला होता. त्यानं ती चूक पोह्याबरोबर गिळली.

नाना इकडचं तिकडचं बोलत होते. गेलेल्या बोटांना खाज सुटते, असं त्यांनी मागंही सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले होते की असं पुष्कळांना होतं, मेंदूला वाटतं बोटं अजून आहेत. पण आता खाज थांबली म्हणाले.

"आता खाजवत न्हाईत. आता वाजवत्यात," नाना हसून म्हणाले. "तू सोमवारी नऊचा सेट चढवलास न्हवं? लई बारीक तार ती, ब्लेडवानी कापती रं. दहाचा लाव. माज्या बोटांनाबी बरं वाटंल."

अजिनाथनं सोमवारी नऊचा सेट चढवला होता, आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. पण नानांचे कान म्हणजे नानांचे कान. दोन गल्ल्या पलीकडून गिटार ऐकून तारेची जाडी सांगणारा माणूस तो. अजिनाथनं मान हलवली आणि तो ताट उचलायला वाकला, तेव्हा नानांचा हात त्याच्या अगदी नाकासमोर आला. खुंटांच्या टोकांना, जिथं सहा महिन्यांत मऊ फडक्याखेरीज कशाचा स्पर्श नव्हता, तिथं घट्टे आले होते. घट्ट्यांवर आडव्या खाचा होत्या, ताज्या, आतून ओलसर.

४

माणूस घाबरला की देवळात जातो. अजिनाथ वाद्यांच्या दुकानात गेला. नगरच्या त्या दुकानदाराला तारांवर बोलायला फार आवडायचं, आणि त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं काउंटरवर पाकिटं मांडली. नऊचा सेट हलका, तार ओढायला सोपी, गाण्यात नाचायला बरी. दहाचा भरीव. अकराचा लावायचा तर मनगटात दम पाहिजे. निकेलची तार गोड, स्टीलची तिखट. अजिनाथ सगळं ऐकून घेत होता, पण त्याला आवाजाशी देणंघेणं नव्हतं. त्यानं विचारलं की ज्या तारेत मळ बसत नाही अशी तार असते का.

दुकानदारानं खालच्या कप्प्यातून एक धुळकट पाकीट काढलं. ह्या तारेवरचे वेढे गोल नसतात, पट्टीसारखे सपाट असतात. तारेवरून बोट फिरवलं तर काचेवरून फिरवल्यासारखं लागतं. आवाज जरा झाकलेला येतो, जुन्या चालीचा, म्हणून आपल्याकडं कुणी नेत नाही. अजिनाथनं तार चिमटीत धरून पाहिली. तिला खाच नव्हती. कातडी अडकायला जागाच नव्हती. त्यानं तो सेट घेतला.

घरी आल्यावर त्यानं दार लावलं, खिडक्या लावल्या आणि तारा चढवल्या. इलेक्ट्रिक गिटार आवाज वाढवणाऱ्या मशीनला जोडली नाही तर शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही, डास गुणगुणल्यासारखी वाजते. त्यानं जोडली नाही. दहा मिनिटं हळूच वाजवून ती भिंतीला टांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दात घासत असताना नानांचा फोन आला.

"सपाट तार लावलीस का रं?" नानांनी विचारलं. "बोटं घसरत्यात नुसती. तिला चव न्हाई, अजिनाथ. काड ती."

त्यानं कसंबसं हो-हो केलं. मग खोलीत जाऊन गिटार खाली घेतली. तारा ओल्या होत्या. अडकायला जागा नव्हती म्हणून सगळं वरच राहिलं होतं: अंघोळीला अंग चोळल्यावर मळाच्या वळकट्या निघतात तशा करड्या वळकट्या तारांवर ओळीनं बसल्या होत्या, पार दांड्यावरच्या बाराव्या पट्टीपर्यंत, जिथं अजिनाथचा हात कधी पोचत नसे. चौथ्या तारेवर सर्वांत दाट होत्या. त्यानं फडकं फिरवलं. फडक्यात वळकट्यांबरोबर एक पांढरं, वाकडं, मऊ पडलेलं काहीतरी आलं. नखाची कोर होती. कापलेल्या नखाची नव्हे, मुळापासून सुटलेल्या नखाची. तिच्या मागच्या कडेला अजून थोडं मांस होतं.

अजिनाथ मोरीपर्यंत पोचला नाही, दारातच ओकला. राजेश्वरी धावत आली. तिनं फडकं पाहिलं, पण उचललं नाही. नवऱ्याकडं न बघता ती एवढंच म्हणाली की हे फडकं माझ्या धुण्यात टाकायचं नाही. दुपारी तिनं पिशवी भरली आणि आईला बरं नाही असं सांगून ती पाथर्डीची एसटी धरून गेली. आईला चांगलं ठणठणीत बरं होतं.

५

पुढच्या रविवारी नेवाशाच्या पलीकडं एक लग्न होतं, साडेबाराच्या मुहूर्ताचं. उन्हानं मांडवाचं कापड तापलं होतं. अजिनाथनं सपाट तारा पुसून पुसून तशाच ठेवल्या होत्या. बोटं ठेवताना त्याच्या अंगावर काटा यायचा, तरी त्यानं दोन गाणी वाजवली. तिसऱ्याआधी आप्पासाहेब त्याच्याजवळ आले. गिटार आजारी आहे का, असं त्यांनी विचारलं. लग्न आहे, दहावा नाही. वऱ्हाड जेवायला बसेपर्यंत नेहमीच्या तारा लाव, नाहीतर मी कीबोर्डवर भागवतो, आणि मग गिटारवाल्याची गरजच काय. एवढं बोलून ते हसले, पण ते गंमत करत नव्हते.

त्याच्या बॅगेत दुसरा सेट नव्हता. डबा होता. डब्यात पन्नास-साठ तारा होत्या, सगळ्या उकळलेल्या, सगळ्या स्वच्छ, सगळ्यांना कुठं ना कुठं वळण पडलेलं. चौथ्या नंबरच्या चार-पाच तरी होत्या. त्यांतली नेमकी कुठली ती, हे ओळखता येणार नाही असं अजिनाथनं मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि न बघण्यात त्याचा हात कुणी धरू शकलं नसतं. बाकीच्या तारा त्यानं डब्यातूनच निवडल्या, आणि चौथी म्हणून पहिली हाताला आली ती चढवली.

गाणं सुरू झालं. दोन ओळी झाल्या असतील नसतील, समोर मिक्सरवर बसलेल्या नानांचा डावा हात टेबलावरून एकदम उडाला, तव्याचा चटका बसल्यासारखा. त्यांनी तो मांडीवर दाबून धरला. गाणं संपेपर्यंत ते अजिनाथकडं बघत राहिले. रागानं नव्हे. विसरलेलं नाव आठवायला माणूस जसा दुसऱ्याच्या तोंडाकडं बघतो, तसं.

परतीला टेम्पोत ढोलकी आणि स्पीकरांच्या मधल्या जागेत दोघं समोरासमोर बसले होते. बाकीचे पुढं होते. प्रवरेचा पूल मागं पडला. नानांची खुंटं एकमेकांवर घासत होती आणि त्यांचा चिकट, बारीक आवाज इंजिनाच्या आवाजातही अजिनाथला ऐकू येत होता.

"चौथी तार कुठली रं?" नानांनी शेवटी विचारलं. "तिला मुरड हाय. दोन मुरडी, मदी चार बोटांचं अंतर. ही गिटारीवर पडल्याली मुरड न्हाई. कशाला तरी आवळून बांदली हुती ती."

"डब्यातली हाय, नाना," अजिनाथ म्हणाला. "कशाला बी वापरली असंल."

"व्हय, तेच. कशाला वापरली तेच बोटं चाचपडत्यात." नानांनी डावा हात उचलून पाहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "गोल हाय कायतरी. वर लाकूड हाय. उंद्यापतोर कळंल."

६

अजिनाथला त्या रात्री झोप लागली आणि त्याची त्यालाच लाज वाटली. सकाळी त्यानं सुट्टी टाकली. पक्कड घेऊन गिटारच्या सहाही तारा तोडल्या. डब्यातल्या सगळ्या तोडल्या, बोटा-बोटाएवढे तुकडे केले, आणि डबा पिशवीत घालून तो रस्त्याच्या कडेच्या भंगारवाल्याकडं गेला. तिथं त्याच्या डोळ्यांदेखत तुकडे लोखंडाच्या ढिगात ओतले गेले, आणि वर कुणीतरी सायकलीची चाकं टाकली. देवाला नारळ फोडल्यावर वाटतं तसं त्याला मोकळं वाटलं. आता वाजवायला काही नव्हतं. ज्यावर बोट ठेवून काही कळेल असं त्या घरात काही उरलं नव्हतं.

घरी येऊन त्यानं कालचा भात परतून खाल्ला. भिंतीवरची बिनतारांची गिटार त्याला बरी वाटली, नुसतं लाकूड. कूलर लावून तो गार फरशीवर आडवा झाला. राजेश्वरीला फोन करावा, ये म्हणावं, असं मनात होतं. आप्पासाहेबांना सांगावं की आपल्याला जमत नाही, दुसरा बघा. खुर्ची गेली तर गेली. असले शहाणपणाचे विचार करत त्याचा डोळा लागत होता, तेव्हा फोन वाजला. अडीच वाजले होते.

"तारा काडल्यास व्हय?" नाना म्हणाले.

अजिनाथ उठून बसला. हो म्हणाला. जुन्या झाल्या होत्या, नवा सेट आणतो, असं काहीतरी तो पुटपुटला.

"बोटं मोकळी पडली रं. सकाळधरनं फिरत्यात. कुटं टेकू मिळंना त्यास्नी."

गळ्याला गार लागलं. कूलरचं पाणी उडालं असेल म्हणून त्यानं हातानं पुसलं. हात बुळबुळीत झाला. त्यानं तो नाकाशी नेला नाही, नेण्याची गरज नव्हती. वास सगळ्या खोलीत भरला होता, खोबरेलाचा, आणि त्याच्याखाली उकळत्या पातेल्याचा.

"थांब, थांब," नाना फोनवर हळू आवाजात म्हणाले, अंधारात काडेपेटी शोधणाऱ्यासारखे. "घावलं कायतरी. मऊ हाय. दाडी वाडल्यावानी बारीक केस हायत. आन् आत तारा हायत, अजिनाथ. गरम हायत."

मोरीजवळ दाढीचा आरसा होता. फोन कानाला तसाच धरून अजिनाथ त्याच्यासमोर उभा राहिला. गळ्यावर कुणाचं बोट नव्हतं. नुसते तीन खळगे होते. कातडी तीन जागी आत दबली होती, आणि खळग्यांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. त्याच्या डोळ्यांदेखत वरचा खळगा भरून आला आणि दोन बोटं खाली उमटला, मग मधला सरकला. नाना नवं वाद्य हातात घेतलं की असंच करायचे, आधी सगळ्या पट्ट्या चाचपून बघायचे. मागं तेलाचा ओला माग राहत होता, आणि त्या मागावर कातडीचा एक पातळ पापुद्रा चिकटला होता, गोल गोल रेघांचा.

त्यानं मोकळ्या हातानं गळा झाकला. हाताखाली काहीच लागलं नाही, फक्त स्वतःचा गळा, आणि तो आतून दबत होता. मग जिभेच्या मुळाशी चव आली. खोबरेलाची आणि गंजाची. जिभेच्या मागं तीन मऊ, सुरकुतलेली, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी टोकं एकामागं एक टेकली. त्याला ओकारी आली, पण ती वर येऊ शकली नाही, वाटेतच अडली. त्याऐवजी आवाज आला. त्यानं काढला नव्हता. लांब, सरळ, एका सुरातला.

"हां. बोलती," नाना म्हणाले. "पन ढिली हाय. जरा आवळतो."

अजिनाथनं दात मिटले. ओठ दाताखाली धरले, रक्त येईपर्यंत धरले. आरशात त्याचा जबडा आपोआप खाली गेला, मशीनचा ठोकळा तेल घातल्यावर जातो तसा सहज. गळ्यात काहीतरी ताणलं गेलं, आणखी ताणलं गेलं, आणि त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. चांगला आवाज होता, स्वच्छ, इतका स्वच्छ तो जन्मात बोलला नव्हता.

"नाना," तो आवाज म्हणाला, "डावं बटन म्या बांदलं हुतं."

कूलर चालू होता. पलीकडं नानांचा श्वास ऐकू येत होता, आणि काहीतरी ओलं एकमेकांवर घासल्याचा तो बारीक आवाज. अजिनाथला रडू फुटलं, पण रडायलाही गळा त्याच्या हातात नव्हता. शिव्या येतील, फोन आपटल्याचा आवाज येईल, काहीही येईल, म्हणून तो थांबून राहिला.

"अर्दा सूर उतरला रं," नाना शांतपणे म्हणाले. शिकवताना बोलायचे त्याच आवाजात. "परत म्हन."

खळगे जरा वर सरकले आणि खोल रुतले. अजिनाथच्या गळ्यानं पहिल्यापासून सुरुवात केली.